चाळीस आवाजांचा शिक्षक

१९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले आणि शाळांचा दिवस प्रार्थना, प्रतिज्ञा व राष्ट्रगीतासोबत राज्यगीतानेही सुरू व्हावा, अशी शासनाची अपेक्षा जाहीर झाली. पनवेलच्या माथेरान रस्त्यालगत वाढलेल्या सुकापूरसारख्या वस्तीत ही अपेक्षा रोज सकाळी कशी पार पाडली जात असेल, हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. गृहसंकुले वाढली तशी शाळांची पटसंख्या वाढली, आणि पालकांपैकी बरेचजण सकाळीच हार्बर लाइनने कामाला निघून गेलेले असतात. परिपाठाला शाळेपुढे दोनच सोयीचे मार्ग उरतात. एक तर मूळ ध्वनिमुद्रण ध्वनिक्षेपकावर लावायचे, नाहीतर ज्या शिक्षकाला ‘गळा आहे’ त्याने पहिली ओळ उचलायची. दोन्ही मार्गांनी गीत होते, हजेरी लागते, कार्यक्रम पुढे सरकतो. फक्त मुलांनी कोणत्या पट्टीत गायचे, हा निर्णय मुलांच्या गळ्याकडे पाहून कोणी घेतलेला नसतो.

हा निर्णय क्षुल्लक वाटतो, म्हणून त्याचे यंत्र थोडे उलगडून पाहू. राज्यगीताचे सर्वपरिचित ध्वनिमुद्रण शाहीर साबळे यांच्या आवाजातले आहे. श्रीनिवास खळे यांची ही चाल जाहीर कार्यक्रमांत कमावलेल्या, वरच्या सुरांत मोकळा फिरणाऱ्या प्रौढ पुरुषी गळ्याला शोभणारी आहे. आठ-दहा वर्षांच्या न शिकवलेल्या मुलाला ताण न घेता गाता येणारा पल्ला साधारण एक सप्तक, फार तर सव्वा सप्तक असतो. पुरुष शिक्षकाने स्वतःच्या सोयीने काळी एक किंवा काळी दोनमध्ये सूर धरला, तर मुले त्याच्या एक सप्तक वरून गातात. चाल मध्य सप्तकात असेपर्यंत निभावते, पण ती तार गंधार-मध्यमाकडे गेली की मानेच्या शिरा ताणल्या जातात आणि गाण्याच्या जागी ओरडणे येते. शिक्षक उलट खालची पट्टी धरून मुलांना आपल्याच सप्तकात ओढू लागला, तर निम्मी मुले खर्जात सूर न सापडल्यामुळे नुसती पुटपुटतात. पहिल्या प्रकाराला ‘जोशात म्हटले’ असे म्हणतात आणि दुसऱ्याला ‘आज मुले मरगळलेली होती’ असे. दोन्ही वर्णने मुलांविषयीची आहेत. दोष मात्र पट्टीच्या निवडीत असतो.

सातवी ते नववीच्या वर्गांत आणखी एक गुंतागुंत येते. मुलग्यांचे स्वरयंत्र वाढते, स्वररज्जू लांब व जाड होतात आणि काही महिन्यांच्या अवधीत बोलण्याचा सूर जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचा आवाजही बदलतो, पण दोन-तीन सुरांपुरताच, त्यामुळे तो बदल सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आवाज फुटण्याच्या या काळात मुलाला गाता येत नाही असे नसते; त्याला मोजकेच पाच-सहा सूर हाताशी असतात आणि ते कोणते, हे महिन्यागणिक बदलत असते. ज्याला हे माहीत आहे तो शिक्षक त्या पाच-सहा सुरांत बसणारी एक वेगळी ओळ, निदान एक धरलेला आधारस्वर, त्याला देतो. ज्याला माहीत नाही तो त्याला मागच्या रांगेत उभे करून ओठ हलवायला सांगतो. गाणे आपले नव्हे, हा निष्कर्ष ते मूल त्याच रांगेत काढते, आणि तो पुढे क्वचितच बदलतो.

शिक्षकाच्या स्वतःच्या गळ्याचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील आयोवा व यूटा या राज्यांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सध्या आवाजाचा विकार असणाऱ्यांचे प्रमाण शिक्षकांत ११ टक्के आढळले आणि इतर व्यावसायिकांत ६.२ टक्के, आयुष्यात कधी ना कधी असा विकार झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५७.७ आणि २८.८ टक्के होते. तिथले आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण साठ मुलांचा वर्ग, उघड्या खिडक्या आणि लगतच्या रस्त्याची वाहतूक, या परिस्थितीत आपले प्रमाण कमी असावे असे मानायलाही काही आधार नाही.

आता हे ज्ञान शिक्षकाकडे कुठून यावे? चित्रकलेशी तुलना केली तर उणीव नेमकी दिसते. महाराष्ट्रात चित्रकला शिक्षकासाठी ए.टी.डी. ही खास शिक्षकी पदविका आहे, तिच्यापुढे आर्ट मास्टरची पायरी आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या परीक्षा आहेत. पद, प्रशिक्षण आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून उभ्या आहेत. शारीरिक शिक्षणाला बी.पी.एड. आणि एम.पी.एड. आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत प्रयोगजीवी कलांच्या शिक्षणाची पदविका नमूद आहे, पण संगीत अध्यापनाची स्वतंत्र पदवी-पदव्युत्तर शिडी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या, शंभरापेक्षा अधिक पट असलेल्या शाळांना कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमायचे आहेत. या ‘कले’त चित्रकला आणि संगीत दोन्ही येत असल्याने, जिथे प्रशिक्षित उमेदवार सहज मिळतो तिकडे, म्हणजे चित्रकलेकडे, ते एकमेव अंशकालीन पद झुकणे स्वाभाविक आहे. मग संगीताचे काम हौसेवर किंवा बाहेरून बोलावलेल्या क्लासच्या शिक्षकावर सोडले जाते.

तो क्लासचा शिक्षक बहुधा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा उत्तीर्ण झालेला असतो. मंडळाचे मुख्यालय वाशीला, म्हणजे पनवेलकरांच्या हार्बर लाइनवरच आहे. प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंतच्या या परीक्षांनी शास्त्रीय संगीत मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचवले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु ही शिडी एकल गायकाची आहे. परीक्षार्थी एकटा बसतो, आलाप-तान करतो, रागाची बढत दाखवतो. त्याचे कौशल्य स्वतःचा सूर ऐकण्यात आणि स्वतःच्या प्रतिभेने रागाला आकार देण्यात असते. समूहाच्या शिक्षकाला नेमका उलटा कान लागतो. चाळीस आवाज एकत्र वाजत असताना तिसऱ्या रांगेच्या डाव्या टोकाला कोमल निषाद चढतो आहे, हे गाणे न थांबवता टिपणे; चूक सुराची, श्वासाची की उच्चाराची, याचे निदान दोन मात्रांत करणे; आणि ती दुरुस्त करण्यासाठी बोलायचे की फक्त हाताने खुणावायचे, हे ठरवणे. विशारद झालेल्या माणसाला हे येणार नाही असे नाही, पण ते त्याला कोणी शिकवलेले नसते आणि त्याची परीक्षाही कोणी घेतलेली नसते. दहावीच्या निकालात शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षांना अतिरिक्त गुण मिळू लागल्यापासून पालकांचा पैसा आणि शिक्षकाचा वेळ याच शिडीकडे आणखी वळला. समूहात उत्तम गाणाऱ्या मुलाला त्या खात्यात काही मिळत नाही.

इतिहासाचा विरोधाभास असा, की या परंपरेचा आरंभ शिक्षक घडवण्यापासूनच झाला होता. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्यात उपदेशक वर्ग चालवला. निवडलेले विद्यार्थी विद्यालयातच राहत, वर्षानुवर्षे शिकत आणि शिकता शिकता शिकवत. त्यांपैकी नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गेले. ज्यांना गाण्याचा गंधही नव्हता अशा प्रौढांना रोजच्या प्रार्थनेत एका सुरात आणण्याचे काम त्यांनी केले, ‘आश्रम भजनावली’ संकलित केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले. समूहगानाचा शिक्षक म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरे क्वचितच सापडेल. पण असे शिक्षक घडवणे महाग होते. निवास-भोजनाचा भार विद्यालयावर होता, संस्था कर्जात गेली आणि मुंबईची इमारतही हातची गेली. पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ मध्ये शिष्यांनी मंडळ स्थापले, आणि पुढील दशकांत जी गोष्ट कमी खर्चात दूरवर पोहोचवता येत होती ती, म्हणजे अभ्यासक्रम व परीक्षा, फोफावली. जिला सहवास आणि देखरेख लागत होती ती आक्रसली. यात कोणाचा कट नव्हता. परीक्षा शुल्कावर उभी राहू शकते, देखरेख राहू शकत नाही, एवढेच त्याचे कारण.

हेच अर्थकारण उद्या पुन्हा काम करील, अशी माझी भीती आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने अभ्यासक्रमीय आणि सहअभ्यासक्रमीय अशी भिंत मोडायची भाषा केली, आणि २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला अनिवार्य विषयाचे स्थान दिले. अनिवार्य विषयाला पात्र शिक्षक लागतो. पात्रतेला कागद लागतो. आणि नोकरी करणाऱ्या शिक्षकाला तो कागद नोकरी न सोडता हवा असतो. ही मागणी रास्त आहे. सुकापूरहून शाळेची नोकरी करून, संध्याकाळी दोन शिकवण्या घेऊन जगणाऱ्या संगीत शिक्षिकेला दोन वर्षे बिनपगारी रजेवर जा असे सांगणे म्हणजे तू शिकू नकोस असे सांगणे होय. तेव्हा समूहगान अध्यापनातील अर्धवेळ पदव्युत्तर कार्यक्रम निघाला पाहिजे, असे मीही म्हणतो. प्रश्न तो कोणत्या साहित्यातून बांधला जाईल, हा आहे.

आज हाताशी असलेले साहित्य दोन प्रकारचे आहे. एक, एम.ए. संगीताचा चालू आराखडा, ज्यात राग, ताल, इतिहास, सौंदर्यशास्त्र आणि एक मंचप्रदर्शन असते. दुसरा, बी.एड.चा आराखडा, ज्यात बालमानसशास्त्र, मूल्यमापन आणि पाठटाचणे असतात. दोन्हींचे निवडक तुकडे जोडले, शनिवार-रविवार वर्ग व उरलेले आंतरजालावरून असे ठरवले, की एका शैक्षणिक वर्षात मान्यतेला पाठवता येईल असा दस्तऐवज तयार होतो. त्यात काही खोटे नसेल. फक्त समूह नसेल.

हिशेब करून पाहू. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरले जातात. समजा, विद्यापीठाने उदार होऊन समूहसंचालनाला ४ श्रेयांक दिले, तर १२० तास होतात. तुकडी २० जणांची असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला समूहापुढे उभे राहण्याचे ६ तास येतात, तेही पदवीच्या संपूर्ण काळात. व्याख्यान वीस जणांनी एकदम ऐकले तरी प्रत्येकाला ते पूर्ण मिळते. समूहापुढे उभे राहण्याचा वेळ मात्र माणसागणिक भागला जातो. शिवाय तो समूह कोणाचा? वर्गमित्रांचाच असेल, तर विद्यार्थी-शिक्षक प्रौढ, सुरेल, सहकार्य करणाऱ्या आवाजांवर सराव करील. हे आवाज फुटत नाहीत, कंटाळत नाहीत, एकमेकांना चिमटे काढत नाहीत. त्यांच्यावर मिळवलेला आत्मविश्वास आठवी ‘ब’समोर पहिल्या दहा मिनिटांत संपेल, आणि तो संपल्यावर शिक्षक जे करतो ते ठरलेले आहे: ध्वनिमुद्रण लावतो.

यावर एक उत्तर असे दिले जाते, की नोकरदार विद्यार्थ्याकडे स्वतःचा वर्ग असतोच, तोच त्याची प्रयोगशाळा होईल. हे उत्तर बरोबर आहे आणि अर्धवेळ कार्यक्रमाचे खरे बळही इथेच आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्याला जे मिळत नाही, ते, म्हणजे रोजचा जिवंत समूह, याला आधीच मिळालेला असतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे शिक्षकांसाठी उन्हाळी सुट्ट्यांत विभागलेले संगीतशिक्षणाचे पदव्युत्तर कार्यक्रम चालवतात, त्यांचा तर्कही हाच: सुट्टीत शिका, वर्षभर आपल्या समूहावर वापरा, पुढच्या सुट्टीत त्याचा हिशेब द्या. पण तिथे सर्वसाधारणपणे समूहगान हा वेळापत्रकातला विषय आणि ते शिकवणे ही वेतनाची नोकरी असते. हंगेरीत झोल्तान कोडाईच्या विचारांवर १९५० मध्ये केचकेमेट येथे गायनप्रधान प्राथमिक शाळा निघाली आणि तिथली शिक्षकांची संस्था १९७५ मध्ये आली. आधी रोज गाणारी मुले, नंतर त्यांच्या शिक्षकांचे उच्चशिक्षण. आपल्याकडे क्रम उलटा होण्याची शक्यता अधिक दिसते. ज्या शिक्षिकेला आठवड्याला एक तासिका आणि तीही स्नेहसंमेलनापुरती मिळते, तिच्या ‘प्रयोगशाळे’त काय घडणार?

आणि घडलेच, तर ते पाहणार कोण? बी.एड.च्या दोन वर्षांत शाळेतील सुमारे २० आठवड्यांचा अनुभव अपेक्षित आहे, पण त्यातल्या आंतरवासितेचा शेवट बहुतेकदा मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यावर होतो, हे या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. समूहगानात ही सही विशेष निरुपयोगी आहे, कारण मुख्याध्यापकांना ऐकू येते ते एकूण गाणे, त्यातल्या चुका नव्हेत. निरीक्षक स्वतः समूहाचा जाणकार हवा, त्याने वर्षातून चार-सहा वेळा प्रत्यक्ष वर्गात येऊन बसावे लागेल, आणि त्याच्या येण्या-जाण्याचा अर्धा दिवस कोणीतरी मोजून द्यावा लागेल. चित्रफीत पाठवून काम भागेल असे म्हणणे मोहक आहे. मोबाइलचा एकच मायक्रोफोन मात्र जवळच्या दोन-तीन आवाजांना झुकते माप देतो आणि उरलेल्या सदतीस जणांची सरमिसळ करून टाकतो, म्हणजे जे तपासायचे नेमके तेच त्यात हरवते. चित्रफितीवरून शिक्षकाचे हात, देहबोली आणि तासाची आखणी तपासता येईल. सूर तपासता येणार नाही.

असे जाणकार निरीक्षक महाराष्ट्रात मुळीच नाहीत असे नव्हे. मुंबईत व्हिक्टर परंजोती यांनी उभा केलेला परंजोती अकादमी कोरस पुढे कूमी वाडिया यांनी दशकानुदशके चालवला. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक अशोक दा. रानडे यांनी आवाजाच्या जोपासनेकडे घराण्यांपलीकडे जाऊन, शास्त्र म्हणून पाहायला शिकवले. वसंत देसाईंनी शाळकरी मुलांचे प्रचंड समूह गाते केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांतून पिढ्या समूहगीते शिकल्या. पण हे सगळे व्यक्तींचे आणि चळवळींचे कर्तृत्व आहे. त्यातून शिक्षक घडवण्याची पद्धत लिहून ठेवली गेली नाही, तिला पदे जोडली गेली नाहीत, आणि व्यक्ती गेल्यावर तिचा कान तिच्यासोबत गेला. दुसरीकडे आपल्या अंगणातले ज्ञान विद्यापीठांना दिसत नाही. पनवेल परिसरात भजनी मंडळे आहेत; बुवाने ओळ टाकायची आणि टाळकऱ्यांनी ती उचलायची, या व्यवहारात नवखा माणूस मागे बसून वर्षानुवर्षे समूहाचा सूर अंगी मुरवतो. आगरी लग्नांत धवला गाणाऱ्या धवलारिणींची परंपरा आहे. शाहिराच्या मागे झील धरणारे आहेत. एकच सूर धरून, मुख्य आवाजाला न झाकता, श्वास आळीपाळीने घेत गाणे कसे टिकवायचे, याचे बारकावे या मंडळींना पाठ आहेत. पदव्युत्तर अभ्यासक्रमात लोकसंगीताच्या प्रश्नपत्रिकेत यांच्यावर टिपा लिहायला सांगतील. एखाद्या बुवाला मानधन देऊन सहा महिने सहशिक्षक नेमणार नाहीत, कारण त्याच्याकडे नेट-सेट नाही.

गोव्याचे उदाहरण इथे उपयोगी पडते. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चशाळांत मेस्त असे. तो मुलांना अक्षरांबरोबर सोल्फेज, म्हणजे लिहिलेले सूर वाचून गाणे, शिकवी आणि त्याच मुलांच्या आवाजांवर रविवारची उपासना उभी करी. ते मानधनाचे पद होते, त्याच्या हाताखाली कायमचा समूह होता आणि दर आठवड्याला त्याची परीक्षा सगळ्या गावासमोर होत होती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना पुढे जे गोमंतकीय वादक-संयोजक मिळाले, त्यांच्यापैकी अनेकांचे पहिले धडे याच व्यवस्थेत झाले. त्यांच्यापैकीच एक, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस; त्यांचे वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते. त्या व्यवस्थेच्या धार्मिक आणि वसाहतवादी हेतूंचे समर्थन करण्याचे कारण नाही. घ्यायचे ते एवढेच, की तिथे प्रमाणपत्राच्या आधी पद होते आणि पदाच्या आधी समूह.

उलट क्रमाने गेलो तर काय होईल, याचा अंदाज बराच नेमका बांधता येतो. पहिल्या एक-दोन तुकड्यांना उत्साही, खरोखर शिकू पाहणारे शिक्षक येतील आणि त्यांच्या जोरावर कार्यक्रमाचे नाव होईल. नाव झाले की प्रवेशक्षमता वाढेल, निरीक्षक वाढणार नाहीत, आणि ६ तासांचे ३ तास होतील. मान्यता देणारी समिती श्रेयांक, ग्रंथालय आणि अध्यापकांच्या पदव्या मोजेल. एखाद्या पदवीधराच्या वर्गात जाऊन मुले कोणत्या पट्टीत गातात हे ऐकणे तिच्या तक्त्यात बसत नाही. शाळा पदवी पाहून ‘पात्र शिक्षक उपलब्ध’ अशी नोंद करतील. आज निदान रिकामी जागा रिकामी दिसते आणि तिच्याबद्दल तक्रार करता येते. तेव्हा ती भरलेली दिसेल.

पदवीधरांचे काय होईल, हेही वेतनावरून ठरेल. अंशकालीन निदेशकाच्या मानधनात पदव्युत्तर पदवीने काही भर पडत नसेल, तर फी भरून, दोन वर्षांचे शनिवार-रविवार देऊन शिकलेली व्यक्ती ती गुंतवणूक जिथे वसूल होते तिकडे जाईल: खारघर-नेरूळच्या महागड्या शाळांत, किंवा स्वतःच्या क्लासमध्ये. आणि क्लासमध्ये पालक मागणार ते विशारदच्या परीक्षेची तयारी, कारण दहावीचे गुण त्यालाच आहेत. समूहगान शिकवण्यासाठी घेतलेली पदवी अशा रीतीने एकल गायनाच्या शिकवणीची पाटी सजवील, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला ती जिल्हा परिषदेची किंवा साध्या अनुदानित संस्थेची शाळा परिपाठाला पुन्हा ध्वनिक्षेपकाकडे वळेल. हे टाळायचे असेल तर विद्यापीठाने प्रवेश देण्याआधी उमेदवाराची गुणपत्रिका बघण्यापेक्षा त्याच्या शाळेकडून आठवड्याला किमान तीन तासिकांची लेखी हमी मागावी, आणि शासनाने कलानिदेशकाच्या पदात संगीताचा वाटा वेगळा करून त्याचे मानधन आधी निश्चित करावे. या दोन्ही गोष्टी अभ्यासक्रम मंडळाच्या अखत्यारीत येत नाहीत, आणि कार्यक्रमाची आखणी मात्र तेच मंडळ करणार आहे.